बांधकाम कंपनीच्या शेअरची खरी किंमत कशी काढायची: टप्प्याटप्प्याने

बांधकाम कंपनीचा शेअर स्वस्त की महाग हे ठरवताना नाशिकमध्ये दोन चुका हमखास होतात. पहिली जमीन जाणणाऱ्यांची. कंपनीकडे किती एकर आहे ते पाहायचं, आजच्या भावानं गुणायचं, शेअरच्या संख्येनं भागायचं, झालं. दुसरी शेअर जाणणाऱ्यांची. गेल्या वर्षीचा नफा घ्यायचा, पीई (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा नफा) काढायचा आणि तो सिमेंट किंवा औषध कंपनीच्या पीईशेजारी ठेवायचा. दोन्ही उत्तरं चुकतात, आणि थोडीथोडकी नाही. या धंद्यात शेअरची किंमत ठरते ती पुढे येणाऱ्या रोकडीवर: प्रत्येक प्रकल्पातून अजून किती पैसा यायचाय, कधी यायचाय आणि देणी भागवून त्यातला भागधारकाला किती उरणार.

खालचं काम एका कंपनीसाठी दोन-तीन संध्याकाळी खातं. क्रम मात्र मोडू नका. उदाहरणातली कंपनी काल्पनिक आहे आणि आकडेही फक्त हिशेब दाखवण्यासाठी आहेत.

## टप्पा १: कागद जमवा, पीई बाजूला ठेवा

आधी हे जमवा:

- मागच्या दोन वर्षांचे वार्षिक अहवाल. एकत्रित आणि स्वतंत्र, दोन्ही ताळेबंद लागतात.
- मागच्या चार तिमाहींची गुंतवणूकदारांसाठीची सादरीकरणं.
- भागधारणेचा ताजा तक्ता. त्यात प्रवर्तकांचे तारण शेअरही दिसतात.
- पतमानांकन संस्थेची कारणमीमांसा. क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या संकेतस्थळांवर ती फुकट मिळते. प्रकल्पनिहाय विक्री, वसुली आणि कर्जफेडीचं वेळापत्रक जितकं सरळ इथे सापडतं तितकं कंपनीच्या रंगीत सादरीकरणात सापडत नाही.
- प्रत्येक प्रकल्पाचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक.

पीई का नको? १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ (उत्पन्न कधी दाखवायचं ते ठरवणारं लेखा मानक) लागू झालं. त्यानंतर बहुतेक बांधकाम कंपन्या घराचं उत्पन्न ताबा देण्याच्या सुमारास एकदम दाखवतात. तीन वर्षांपूर्वी झालेलं बुकिंग आज नफा म्हणून उगवतं आणि आजचं जोरदार बुकिंग नफा-तोटा पत्रकात कुठेच नसतं. तोवर ग्राहकांचे हप्ते ताळेबंदात देणं म्हणून बसतात. म्हणून जुने प्रकल्प हातावेगळे करून नवं काहीच सुरू न केलेल्या कंपनीचा पीई सर्वांत आकर्षक दिसू शकतो.

तपासा: सादरीकरणातलं बुकिंग, वसुली आणि नफा-तोटा पत्रकातलं उत्पन्न हे तीन वेगळे आकडे आहेत. वहीत तीन वेगळे रकाने पाडा.

## टप्पा २: मालमत्तेची विभागणी करा

कंपनीकडची प्रत्येक मालमत्ता एका ओळीत लिहा आणि पुढे तिचा प्रकार टाका: सुरू असलेला प्रकल्प, मंजुरीच्या वाटेवरचा प्रकल्प, भाड्याची इमारत, नुसती जमीन. प्रत्येक प्रकाराची किंमत काढायची रीत वेगळी आहे. सगळ्यांना एकच रीत लावली की गोंधळ सुरू होतो.

त्याच ओळीत कंपनीचा हिस्सा लिहा. हा रकाना लोक सर्रास गाळतात. सादरीकरणात ‘एकूण विकास मूल्य’ म्हणून जो मोठा आकडा असतो त्यात अनेकदा जमीनमालकाचा आणि भागीदाराचा वाटाही असतो. विकसन करारनाम्यात मालकाला ४० टक्के क्षेत्र द्यायचं असेल, तर विकायला ६० टक्केच उरतं आणि बांधकामाचा खर्च मात्र शंभर टक्क्यांचा करावा लागतो. वाटा क्षेत्रात आहे की विक्रीच्या रकमेत, हेही नोंदवा.

## टप्पा ३: महारेरावर पडताळणी

कंपनी जे सांगते ते महारेराच्या पानाशी लावून पाहा. इथे वेळ द्या. प्रकल्पाचं पान उघडलं की इमारतनिहाय एकूण सदनिका, बुक झालेल्या सदनिका आणि कामाची टक्केवारी दिसते. जोतं, स्लॅब, भिंती-गिलावा, लिफ्ट-जिने अशी कामं वेगवेगळी नोंदलेली असतात. समजा, सी इमारतीचे सगळे स्लॅब शंभर टक्के झालेत, गिलावा वीस टक्क्यांवर आहे आणि मागच्या दोन तिमाहींत हे आकडे हललेले नाहीत. याचा अर्थ सांगाडा उभा आहे, पण पैसा अडलाय किंवा ठेकेदार थांबलाय. सादरीकरणात हीच इमारत ‘प्रगतिपथावर’ असते.

पूर्णत्वाच्या तारखा दोन पाहा, मूळ आणि सुधारित. सुधारित तारीख असेल तर कंपनीच्या पुढच्या प्रकल्पांच्या तारखाही तेवढ्याच पुढे ढकलून धरा. वास्तुविशारद, अभियंता आणि सीए यांची प्रमाणपत्रं तिथेच असतात. सीएच्या प्रमाणपत्रातून झालेला आणि उरलेला खर्च कळतो, आणि पुढच्या टप्प्याचा पाया तोच आहे.

सावधान, क्षेत्रफळ: महारेरावर चटई क्षेत्र (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) चौरस मीटरमध्ये असतं, कंपनी बोलते ‘विक्रीयोग्य’ चौरस फुटांत. ७० चौरस मीटर चटई म्हणजे ७५३ चौरस फूट. तीच सदनिका कंपनीच्या कागदावर १,०५० फुटांची असू शकते. १,०५० फुटांना ६,५०० चा दर लावला तर किंमत ६८.२५ लाख होते. चटईवर हाच दर साधारण ९,०६० पडतो. एका कागदावरचं क्षेत्र आणि दुसऱ्यावरचा दर यांचा गुणाकार केलात तर उत्तर तीस-चाळीस टक्क्यांनी फसतं आणि पुढचा कुठलाही टप्पा ते सावरत नाही.

## टप्पा ४: सुरू प्रकल्पाची उरलेली रोकड

सगळ्या कामाचा गाभा हाच. आपल्या कंपनीचा एक प्रकल्प घेऊ: विक्रीयोग्य क्षेत्र १० लाख चौरस फूट.

येणारा पैसा. ६ लाख फूट सरासरी ६,००० ने विकले गेले, म्हणजे ३६० कोटी. त्यातले २०० कोटी वसूल झालेत, म्हणून १६० कोटी यायचेत. उरलेले ४ लाख फूट ६,५०० ने धरले तर २६० कोटी. एकूण येणं ४२० कोटी. आधी वसूल झालेले २०० कोटी पुन्हा मोजायचे नाहीत. ते बांधकामात गेलेत किंवा बँकेत आहेत, आणि बँकेतले आपण टप्पा ७ मध्ये मोजणार आहोत.

जाणारा पैसा. बांधकामाचा एकूण खर्च ३०० कोटी, त्यातले १४० झालेत, म्हणून १६० उरले. न विकलेल्या भागावर दलाली आणि जाहिरात ५ टक्के, म्हणजे १३ कोटी. परवानग्या, अधिमूल्य आणि साइटवरचा इतर खर्च १२ कोटी. करापूर्वी उरतात २३५ कोटी.

कर. इथे बरेच जण २३५ वर कर लावतात. कर नफ्यावर असतो, उरलेल्या रोकडीवर नाही. पूर्ण प्रकल्पाची विक्री ६२० कोटी. बांधकाम ३००, जमीन ७० (पैसे आधीच दिलेले), झालेला-होणारा इतर खर्च मिळून ५०. नफा २०० कोटी. सवलतीच्या पद्धतीत कंपनी कर अधिभार आणि उपकरासह सुमारे २५.१७ टक्के पडतो, म्हणजे साधारण ५० कोटी. आधी काही कर भरलेला असेल तर तो वजा होईल, आपल्या उदाहरणात नाही. हाती १८५ कोटी.

वेळ. हे १८५ कोटी आज मिळत नाहीत. ६०, ७० आणि ५५ असे तीन वर्षांत येतील असं धरू. वटावाचा दर, म्हणजे उशिरा येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना वर्षाला लावायचा दर, १३ टक्के. आजची किंमत: ५३.१ + ५४.८ + ३८.१ = १४६ कोटी. प्रकल्प ज्या उपकंपनीत आहे तिथे आपल्या कंपनीचा हिस्सा ७० टक्के आहे, म्हणून आपल्या वाट्याला १०२ कोटी.

१३ टक्केच का? बांधकाम कंपन्यांचं कर्ज महाग असतं आणि भागधारक धनकोच्या मागे उभा असतो, म्हणून त्याचा अपेक्षित परतावा आणखी वर. मी सुरू प्रकल्पाला १२ ते १४ आणि मंजुरी न आलेल्याला १६ ते १८ धरतो. दर प्रकल्पागणिक बदला, पण शेअर आवडला म्हणून खाली आणू नका.

सावधान: वटाव लावल्यावर पुढच्या वर्षांचं व्याज पुन्हा खर्चात धरू नका. वटावात पैशाचा मोबदला आलेला असतो आणि मुद्दल आपण कर्ज म्हणून शेवटी वजा करणारच आहोत.

न विकलेल्या घरांचा दर ठरवताना कंपनीची जाहिरात वाचू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच प्रकल्पाच्या मागच्या सहा महिन्यांच्या सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा. दस्तात नोंदलेला मोबदला दिसतो. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर फलकावर एक दर, सेल्स ऑफिसात दुसरा आणि दस्तात तिसरा असू शकतो. आपल्या हिशेबात दस्तातला दर धरायचा.

## टप्पा ५: भाड्याची इमारत

हा भाग सोपा आहे. २ लाख चौरस फूट, महिना ५५ रुपये, वर्षाला १३.२ कोटी. ९० टक्के जागा भरलेली, म्हणून ११.८८. घरपट्टी, विमा आणि भाडेकरूकडून न मिळणारी देखभाल दहा टक्के वजा केली की १०.७ कोटी. याला ८.५ टक्के परताव्याच्या दरानं भागा: सुमारे १२६ कोटी. मोठ्या शहरांतल्या अव्वल कार्यालयांसाठी रीटच्या (भाड्याच्या इमारती बाळगणाऱ्या गुंतवणूक ट्रस्टच्या) मूल्यांकन अहवालांत हा दर साधारण आठ टक्क्यांच्या आसपास दिसतो. लहान शहरात रिकामी जागा पुन्हा भरायला वेळ लागतो, तिथे दर वर न्यायलाच हवा.

ताळेबंदात ही इमारत मूळ खर्चातून घसारा वजा जाऊन दिसते, कारण आपल्याकडे इंड एएस ४० खाली बाजारभावानं दाखवायची मुभाच नाही. बाजारमूल्य टिपांमध्ये द्यावं लागतं. ती टीप शोधा आणि आपल्या आकड्याशी ताडून पाहा. फरक वीस टक्क्यांहून जास्त असेल तर भाडं, भरलेली जागा किंवा दर यातलं काहीतरी तपासायचं राहिलंय.

## टप्पा ६: नुसती जमीन

इथे नाशिककराचा आत्मविश्वास सर्वांत जास्त असतो आणि चूकही सर्वांत मोठी होते. गुंठ्याचा भाव तोंडपाठ असतो, पण तो छोट्या, रस्त्यालगतच्या, स्वच्छ सातबाराच्या तुकड्याचा असतो. वीस एकर एकगठ्ठा विकायला काढले तर तो भाव मिळत नाही. सिंहस्थ आणि समृद्धी महामार्गाच्या नावावर सांगितले जाणारे भाव तर मागणीचे आहेत, सौद्यांचे नव्हेत.

भाव लावण्याआधी या क्रमानं पाहा:

1. सातबारावर मालक म्हणून कंपनीचं नाव आहे का? की नुसता साठेखत किंवा विकसन करार आहे? ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ, बोजा, दाव्याची नोंद? भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल तर परवानगी आणि नजराणा वजा धरा.
2. झोन दाखला. शेती विभागातल्या जमिनीला निवासी भाव लावू नका.
3. विकास आराखड्यातली आरक्षणं आणि रस्ते. बाधित क्षेत्राचा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळेलही, पण तो मिळेपर्यंत शून्य धरा.
4. गोदावरी किंवा नासर्डीकाठची जमीन असेल तर निळी आणि लाल पूररेषा. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही, दोन रेषांच्या मध्ये अटी असतात.
5. त्या गटाकडे जाणारा रस्ता कागदावर किती रुंद आहे? युडीसीपीआरमध्ये (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत) चटई निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे. नऊ मीटरच्या रस्त्यावरच्या एकराला चोवीस मीटरवाल्याचा भाव लावणं म्हणजे न मिळणारं बांधकाम विकणं.

रेडीरेकनर हा मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे. त्याचा उपयोग खालच्या बाजूची तपासणी म्हणून करा, किंमत म्हणून नको.

आपल्या कंपनीकडे शहराच्या कडेला २० एकर आहे. ५ एकर आरक्षण आणि पूररेषेत गेले. उरलेले १५ एकर, एकरी ४ कोटी, म्हणजे ६० कोटी. एकगठ्ठा विक्री आणि लागणारा वेळ यासाठी ३० टक्के कापा: ४२ कोटी. या १५ एकरांची खरेदी किंमत २२.५ कोटी होती, म्हणून नफा १९.५ आणि कर सुमारे ५. उरले ३७ कोटी. एकर गुणिले भाव या सरळ हिशेबात याच जमिनीचे ८० कोटी झाले असते.

तपासा: १ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौरस फूट. अहवालात हेक्टर असतील तर २.४७ नं गुणा. मंजुरीच्या वाटेवरच्या प्रकल्पाला टप्पा ४ ची रीत जास्त वटाव लावून वापरा. एकाच जमिनीची किंमत टप्पा ४ आणि टप्पा ६ अशी दोनदा धरली नाही ना, तेही पाहा.

## टप्पा ७: देणी वजा करा

कर्जाचा आकडा एकत्रित ताळेबंदातून घ्या, पण डोळे उघडे ठेवून.

आपल्या कंपनीचं एकूण कर्ज ९५ कोटी. त्यातले ४० कोटी ७० टक्के हिस्सा असलेल्या उपकंपनीत आहेत. प्रकल्पाची किंमत आपण ७० टक्केच धरली, तर तिचं कर्जही ७० टक्केच: २८ कोटी. उरलेलं ५५, एकूण ८३. रोकड ३५ कोटी, त्यातले २० याच प्रकल्पाच्या रेराच्या खात्यात. ग्राहकांकडून आलेल्या पैशाचा ७० टक्के भाग या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि तो त्याच प्रकल्पाच्या जमीन-बांधकाम खर्चालाच वापरता येतो. मुख्य कंपनीची देणी त्यातून भागत नाहीत. तरी तो हिशेबात येतो, कारण उरलेला बांधकाम खर्च आपण आधीच पूर्ण वजा केलाय. आपला वाटा १४ कोटी. मोकळी रोकड १५. निव्वळ कर्ज ८३ − २९ = ५४ कोटी.

कर्जाच्या शीर्षकाखाली न दिसणारी देणी शोधा:

- जमीनमालकाला द्यायची थकबाकी. ‘इतर वित्तीय देणी’त असते. आपल्या उदाहरणात १२ कोटी.
- सहयोगी कंपन्यांचं कर्ज. निम्म्या भागीदारीतल्या कंपन्या अनेकदा एकाच ओळीत येतात आणि त्यांचं कर्ज एकत्रित आकड्यात मिसळत नाही. कंपनीनं हमी दिली असेल तर ती संभाव्य देण्यांच्या टिपेत असते.
- खासगी फंडाला ठरावीक परताव्यानं विकलेले रोखे. नाव भांडवलाचं असलं तरी ते कर्जच धरा.
- मुख्य कार्यालयाचा खर्च. वर्षाला ७ कोटी, कराचा फायदा जाऊन साधारण ५.२. आठ वर्षांची आजची किंमत २५ कोटी.

ग्राहकांचे आगाऊ हप्ते मात्र कर्ज म्हणून वजा करू नका. त्यांची परतफेड घर बांधून होते आणि तो खर्च टप्पा ४ मध्ये गेलाय.

सावधान, व्याज: नफा-तोटा पत्रकातलं व्याज कमी दिसलं म्हणून हुरळू नका. बांधकामाचं व्याज मालसाठ्याच्या किमतीत मिसळलं जातं. खरं भरलेलं व्याज रोकड प्रवाह पत्रकात पाहा. दोन आकड्यांत मोठी दरी असेल तर त्या कंपनीच्या ताळेबंदातला मालसाठा व्याजानं फुगतोय.

## टप्पा ८: शेअरची संख्या

आता बेरीज: १०२ + १२६ + ३७ = २६५. वजा कार्यालय २५, कर्ज ५४, जमीन थकबाकी १२. उरले १७४ कोटी.

शेअर २ कोटी. भागाकार केला तर ८७ रुपये, पण थांबा. प्रवर्तकांना ६० रुपयांनी २० लाख वॉरंट (ठरलेल्या भावानं पुढे शेअर घेण्याचा हक्क) दिलेत. वॉरंटची २५ टक्के रक्कम वाटपाच्या वेळी येते, उरलेली १८ महिन्यांत. म्हणजे शेअरमागे ४५ रुपये, एकूण ९ कोटी यायचेत. १८३ भागिले २.२ कोटी: ८३ रुपये. परिवर्तनीय रोखे आणि कर्मचाऱ्यांचे पर्याय असतील तर तेही असेच मिळवा.

## टप्पा ९: आकडा ताणून पाहा

८३ हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. एकेक गृहीतक बिघडवा:

- न विकलेल्या घरांचा दर १० टक्क्यांनी घसरला: दलाली, कर, वटाव आणि हिस्सा धरून सुमारे १० कोटी गेले, शेअरमागे साडेचार रुपये.
- प्रकल्प एक वर्ष लांबला: १४६ चे १२९ झाले, आपल्या वाट्याला १२ कोटी कमी, शेअरमागे सव्वापाच रुपये.
- भाड्याच्या इमारतीचा दर ८.५ ऐवजी ९.५: १३ कोटी कमी, शेअरमागे सहा रुपये.

तिन्ही एकदम झालं तर ६७ च्या आसपास. बघा, दहा टक्के घसरणीपेक्षा एका वर्षाच्या विलंबानं जास्त नुकसान केलं, आणि त्यात वर्षभराचा जादा साइट-खर्च धरलेलाही नाही. लोक मात्र चर्चा दराचीच करतात. म्हणून टप्पा ३ मधल्या दोन तारखा मी इतक्या आग्रहानं पाहायला सांगतो.

माझी पद्धत अशी: भाव खालच्या आकड्याच्या, म्हणजे ६७ च्या खाली असेल तरच पुढे विचार. ६७ ते ८३ मध्ये थांबायचं. ८३ च्या वर असेल तर बाजार अजून न घेतलेल्या जमिनींवरचा नफाही धरतोय. काही कंपन्यांच्या बाबतीत ते रास्त असतं, पण मग मागच्या पाच-सात वर्षांत त्यांनी जाहीर केलेले किती प्रकल्प वेळेत ताब्यात दिले ते मोजून दाखवता आलं पाहिजे.

## टप्पा १०: दर तिमाहीला काय बदलायचं

तिमाही निकाल तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत येतात, मार्च तिमाहीचे ६० दिवसांत. त्या दिवशी पूर्ण वही नव्यानं मांडायची गरज नाही. विकलेलं क्षेत्र, वसुली, झालेला बांधकाम खर्च, निव्वळ कर्ज आणि शेअरची संख्या एवढे पाच रकाने बदला. मग महारेराचं पान उघडून कामाची टक्केवारी टाका.

बुकिंग वाढतंय आणि वसुली तिथेच आहे, असं सलग दोन तिमाही दिसलं तर टप्पा ४ मधली वर्षं लगेच एकेक वर्षानं पुढे सरकवा. हप्ते स्लॅबशी बांधलेले असतात. वसुली थांबली याचा अर्थ बहुधा काम थांबलंय, किंवा ‘ताब्यापर्यंत काही भरू नका’ अशा योजनेत घरं विकली गेली आहेत. दोन्हींत रोकड उशिरा येते. कोणतं कारण आहे ते कंपनीच्या तिमाही कॉलच्या लेखी नोंदीत शोधा. ती शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर मिळते. तिथे प्रश्न विचारूनही उत्तर टाळलेलं दिसलं, तर न विकलेल्या घरांचा दरही खाली आणा.